न्यायालयाचा कागद आणि त्यातील मुदत

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



न्यायालयात नेहमी वापरले जाणारे कायद्याचे शब्द आणि तेथील कामकाजाची रीत, हा आजचा विषय आहे. शब्द आणि त्यांचे अर्थ अशी लांबलचक यादी वाचून दाखवावी, असा माझा हेतू नाही. तसे कोश उपलब्ध आहेत आणि ते आपणांस केव्हाही पाहता येतील. मला सांगावयाचे आहे ते निराळे आहे. गावात एखाद्याच्या घरी न्यायालयाचा कागद येतो, तेव्हा तो माणूस प्रथम वकिलाकडे जात नाही. तो शाळेतल्या गुरुजींकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे जातो आणि विचारतो, "यात काय लिहिले आहे, जरा वाचून सांगता का?" त्या क्षणी आपण जे सांगू, त्यावर त्या माणसाची जमीन, घर किंवा क्वचित् त्याचे स्वातंत्र्यही अवलंबून असते. म्हणून न्यायालयीन शब्द समजणे म्हणजे केवळ त्याचा अर्थ समजणे नव्हे. त्या शब्दामागे कोणते काम आहे आणि ते किती दिवसांत करावयाचे आहे, हे समजणे होय.

याचे उत्तम उदाहरण 'मुदत' हा शब्द आहे. आपल्या बोलण्यात त्याला दोन अर्थ आहेत आणि सामान्य माणसाचा घोटाळा नेमका येथेच होतो. पहिला अर्थ, पुढची तारीख. "वकिलांनी मुदत मागितली" असे आपण म्हणतो, तेव्हा सुनावणी पुढे ढकलली, एवढेच अभिप्रेत असते. दुसरा अर्थ, कायद्याने ठरवून दिलेला कालावधी. तो संपला की हक्क असूनही तो न्यायालयात मागता येत नाही. पहिली मुदत न्यायाधीश देतात. दुसरी कोणी देत नाही आणि कोणासाठी थांबतही नाही. तारखा पडत राहतात, हे पाहून लोकांची अशी समजूत होते की, न्यायालयात सगळेच सावकाश चालते, आपणही सावकाश गेलो तरी बिघडणार नाही. ही समजूत अतिशय महाग पडते.

हे शब्द आले कोठून

दावा, फिर्याद, वकील, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, जामीन, तारीख हे सर्व शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि येथेच रुळले. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तो राज्यकारभारातील अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. पुढे इंग्रजी अमलात समन्स, वॉरंट, अपील, डिक्री, बेलिफ हे शब्द आले. राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाने मराठी परिभाषा तयार केली. १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला आणि १९९८ साली शासनाने अधिसूचना काढून जिल्हा व दुय्यम न्यायालयांच्या कामकाजाची भाषा मराठी ठरविली. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांचे कामकाज मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये इंग्रजीतून चालते.

याचा परिणाम असा की, एकाच वस्तूला तीन-तीन नावे आढळतात. प्रतिवादीच्या उत्तराला कोणी कैफियत म्हणतो, कोणी लेखी जबाब, तर कोणी लेखी म्हणणे. हुकूमनाम्याला बहुतेक पक्षकार डिक्रीच म्हणतात. म्हणून कागद वाचताना नावावर अडून न राहता, तो कोणी कोणाला दिला आहे आणि त्यावर कोणती तारीख आहे, हे आधी पाहावे.

कोणत्या दारात उभे आहोत

पहिला प्रश्न असा की, प्रकरण दिवाणी आहे, फौजदारी आहे की महसुली? मालकी, वाटणी, येणे रक्कम, करार, ताबा हे दिवाणी वाद होत. यात दावा लावणारा तो वादी आणि ज्याच्यावर दावा लावला तो प्रतिवादी. दिवाणी दाव्यात कोणी आरोपी नसतो आणि दावा हरला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. चोरी, मारहाण, फसवणूक हे फौजदारी विषय होत. तेथे एका बाजूस सरकार पक्ष आणि दुसऱ्या बाजूस आरोपी असतो.

महसूल अधिकाऱ्यांपुढील कामकाज याहून वेगळे आहे. तेथेही अपील, स्थगिती हेच शब्द वापरतात, म्हणून लोकांची फसगत होते. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी ठरली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सातबाऱ्यावरील नोंद ही मुख्यतः महसुलाच्या कामासाठी असते आणि मालकीचा वाद अखेर दिवाणी न्यायालयच ठरविते. उलट, शेताचा नेहमीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडविला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. शेजाऱ्याशी बोलणी चालू आहेत, पंच बसणार आहेत, असे म्हणता म्हणता हे सहा महिने निघून जातात.

समन्स: नाकारल्याने टळत नाही

आता दिवाणी दाव्याचा प्रवास एका उदाहरणाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याने शेजाऱ्याचा बांध कोरून पाच गुंठे जमीन घेतली, असे शेजाऱ्याचे म्हणणे आहे. तो ताबा परत मिळावा म्हणून दावा दाखल करतो. त्याने आपली बाजू ज्या लेखात मांडली, तो दाव्याचा अर्ज. न्यायालय त्यावर प्रतिवादीच्या नावे समन्स काढते. समन्स म्हणजे शिक्षा नव्हे, आरोपही नव्हे. 'तुमच्याविरुद्ध असे म्हणणे मांडले आहे, अमुक तारखेस येऊन आपले म्हणणे सांगा', असे ते बोलावणे आहे. समन्सासोबत दाव्याची नक्कल असलीच पाहिजे. नसेल तर बेलिफाकडे ती मागावी.

आपल्याकडे एक घट्ट समजूत आहे की, समन्स घेतलेच नाही तर दावा लागू होत नाही. बेलिफ दिसला की मागच्या दाराने शेतात जाणारे कित्येक आहेत. कायदा याउलट सांगतो. प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिला, तर बेलिफ त्याची प्रत घराच्या दर्शनी दारावर चिकटवितो आणि तसा अहवाल न्यायालयास देतो. त्याची खात्री पटली की न्यायालय समन्स बजावले गेले असे धरते. नोंदणीकृत टपालाने आलेले पाकीट परत पाठविले, तरीही हेच घडते. प्रतिवादी घरी नसेल आणि लौकर सापडण्यासारखा नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीस, स्त्री असो वा पुरुष, समन्स देता येते. घरातील नोकर मात्र यासाठी कुटुंबीय धरला जात नाही. म्हणून घरच्या मंडळींना एवढे तरी सांगून ठेवावे की, न्यायालयाचा कागद आला तर तो घ्यावा, आल्याची तारीख त्यावर लिहावी आणि त्याच दिवशी संबंधिताला कळवावे.

कैफियत आणि 'एकतर्फी'

समन्स बजावल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रतिवादीने आपली कैफियत द्यावयाची असते. न्यायालय सबळ कारण नोंदवून हा काळ ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्याही पलीकडे अपवादात्मक परिस्थितीत सवलत देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले आहे. परंतु अपवादावर भरवसा ठेवून कोणी शेत पेरीत नाही. कैफियतीत वादीचे प्रत्येक म्हणणे स्वतंत्रपणे मान्य किंवा अमान्य करावे लागते. जे स्पष्टपणे नाकारले नाही, ते मान्य आहे असे धरले जाऊ शकते. केवळ 'सर्व खोटे आहे' एवढे लिहून भागत नाही.

प्रतिवादी हजरच झाला नाही, तर दावा त्याच्या गैरहजेरीत चालविण्याचा आदेश होतो. यालाच 'एकतर्फी' म्हणतात. या शब्दाने घाबरून जाऊ नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. एकतर्फी आदेश झाला, पण दावा अजून चालू आहे, अशा अवस्थेत प्रतिवादी गैरहजेरीचे योग्य कारण दाखवून पुन्हा कामकाजात सामील होऊ शकतो. एकतर्फी हुकूमनामाच झाला असेल, तर तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. त्यास ३० दिवसांची मुदत आहे. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून मोजतात. आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याने समन्स नाकारले असेल, तर 'मला माहीत नव्हते' हे म्हणणे त्याला सिद्ध करता येणार नाही. पाच गुंठे खरोखर कोणाचे होते, हा प्रश्न न तपासताच निकाली निघण्याची वेळ त्याने स्वतःच आणलेली असते.

वादीलाही हा नियम आहे. तारखेस प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असेल, तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. तो परत दाखल करून घेण्याच्या अर्जासही ३० दिवसच आहेत.

मुद्दे, पुरावा आणि रोजनामा

दोन्ही बाजूंचे लेख आले म्हणजे न्यायाधीश मुद्दे काढतात. मुद्दा म्हणजे एकाने सांगितलेली आणि दुसऱ्याने नाकारलेली गोष्ट. बांध कोरला काय, कोरला असल्यास किती जमीन गेली, वादीला ताबा मिळावा काय, असे ते प्रश्न असतात. पुढचा सारा पुरावा या मुद्द्यांभोवतीच फिरतो. अशा वादात पुष्कळदा मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमला जातो आणि त्याचा अहवाल व नकाशा प्रकरणात येतो. त्यावर हरकत असेल तर ती वेळीच घ्यावी लागते.

साक्षीदाराची त्याच्या बाजूने होणारी तपासणी तो सरतपास. दिवाणी दाव्यात ती आता शपथपत्रावर लिहून दिली जाते. विरुद्ध बाजूचे वकील विचारतात तो उलटतपास आणि त्यातून निघालेल्या गोष्टींचा खुलासा करण्यासाठी होतो तो फेरतपास. न्यायालयाच्या दफ्तरात प्रत्येक अर्ज व दस्तऐवज यांस क्रमांक पडतो, त्यास निशाणी म्हणतात. एखादी गोष्ट न्यायालयाला थोडक्यात लेखी कळवावयाची, उदाहरणार्थ 'आमचा पुरावा संपला' किंवा 'आमची तडजोड झाली', तर जो लेख देतात त्यास आपल्याकडील न्यायालयांत पुरसीस म्हणतात. पुरसीस एक-दोन ओळींची असली, तरी तिचे परिणाम मोठे असतात. तडजोडीच्या पुरसीसवर अर्थ समजल्यावाचून सही करणे म्हणजे दाव्याचा निकाल आपल्याच हाताने लिहून देणे होय.

दर तारखेस काय घडले, त्याची नोंद रोजनाम्यात असते. पक्षकाराला आपल्या प्रकरणाचे खरे स्वरूप जाणून घ्यावयाचे असेल, तर रोजनाम्याची नक्कल हा उत्तम मार्ग आहे. आता प्रत्येक प्रकरणास १६ वर्णांकांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यावरून पुढची तारीख व झालेले आदेश मोबाइलवर पाहता येतात. हा क्रमांक पक्षकाराने आपल्या वहीत लिहून ठेवावा आणि शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही दाखवावा.

न्यायनिर्णय, हुकूमनामा, दरखास्त

न्यायाधीशांनी कारणे देऊन लिहिलेला निर्णय तो न्यायनिर्णय. त्यातून पक्षकारांना काय मिळाले वा मिळाले नाही, हे सांगणारा औपचारिक लेख तो हुकूमनामा. दावा चालू असताना मधल्या अर्जांवर होणारे निर्णय हे सामान्यतः आदेश होत.

हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस आणि उच्च न्यायालयात करण्यास ९० दिवस आहेत. प्रमाणित नक्कल मिळण्यास जो आवश्यक वेळ लागतो, तो या मोजणीतून वगळला जातो. म्हणून निकाल लागताच नक्कल अर्ज करावा. शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुटीचा असेल, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते. अपिलास उशीर झाला आणि त्यास पुरेसे कारण असेल, तर न्यायालय विलंब माफ करू शकते. पण लक्षात घ्या, मूळ दावा लावण्याच्या मुदतीस ही विलंबमाफी नाही.

दुसरी एक गोष्ट अशी की, केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. "अपील केले आहे, आता काळजी नाही" असे म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या दारी बेलिफ येतो, तेव्हा त्याला अन्याय झाल्यासारखे वाटते. वास्तविक त्याने अर्धेच काम केलेले असते.

दावा जिंकणे आणि जमीन किंवा पैसे हाती येणे यांतही अंतर आहे. समोरच्याने आपणहून हुकूमनाम्याचे पालन केले नाही, तर जिंकणाऱ्यास दरखास्त दाखल करावी लागते. सर्वसाधारणपणे त्यास १२ वर्षांची मुदत आहे. मात्र एखादी गोष्ट करावयास लावणाऱ्या आज्ञार्थक हुकुमासाठी ती ३ वर्षेच आहे. पैशांच्या दरखास्तीत जप्ती येऊ शकते. परंतु अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, तसेच शेतकऱ्याच्या उपजीविकेस लागणारी अवजारे, गुरे व बियाणे यांना कायद्याने जप्तीपासून संरक्षण दिले आहे. हे माहीत नसल्यामुळे माणसे जप्तीच्या नुसत्या नावाने सावकाराकडे धाव घेतात.

मनाई हुकूम, 'जैसे थे' आणि कॅव्हेट

दाव्याचा निकाल लागेपर्यंत वादाची वस्तू नष्ट होऊ नये वा हातातून जाऊ नये, यासाठी तात्पुरता मनाई हुकूम दिला जातो. 'परिस्थिती जैसे थे ठेवावी' हाही त्याच जातीचा आदेश होय. तो कायमचा निर्णय नव्हे, तसाच तो नुसता सल्लाही नव्हे. मनाई हुकूम मोडला तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. पंचायतीच्या एखाद्या बांधकामाविरुद्ध असा हुकूम आला, तर 'ठराव झाला आहे, निधी परत जाईल' या कारणास्तव काम पुढे रेटू नये. न्यायालयात हजर होऊन हुकूम उठविण्याचा अर्ज करावा. समोरच्यास न ऐकता दिलेल्या अशा हुकुमाचा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावयाचा असतो.

आपल्याविरुद्ध कोणी असा हुकूम आणील अशी शक्यता असेल, तर कॅव्हेट दाखल करता येते. 'मला ऐकल्यावाचून आदेश करू नये' अशी ती विनंती असते. ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली आणि कॅव्हेट ९० दिवस टिकते. पुढे हवे असेल तर नव्याने दाखल करावे लागते.

शासनाविरुद्ध किंवा शासकीय अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल दावा लावण्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडीची दाद हवी असेल, तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीवाचूनही दावा लावता येतो. येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, अशी नोटीस केवळ आवक नोंदवहीत नोंदवून फायलीत ठेवू नये. हे दोन महिने नागरिकाला अडविण्यासाठी नसून, आपली चूक झाली असल्यास ती दावा न होता सुधारता यावी, यासाठी आहेत.

फौजदारी कामातील काही शब्द

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाले आहेत. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू राहते, म्हणून काही काळ कागदांवर दोन्ही कायद्यांची कलमे दिसतील.

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशावाचून तपास करू शकतात आणि वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. दखलपात्र गुन्ह्याची पहिली नोंदलेली माहिती ती प्रथम खबर. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. तिची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळाली पाहिजे. खबर नोंदवून घेण्यास नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी कळविता येते आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असे नव्हे. तो द्यावा की न द्यावा, हे न्यायालय ठरविते, एवढाच त्याचा अर्थ. या एका शब्दाच्या चुकीच्या अर्थापायी कित्येक कुटुंबे अर्जच करीत नाहीत किंवा मध्यस्थांच्या हाती पैसे देऊन बसतात. अटक केलेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलेच पाहिजे. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत तपास पुरा होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त होतो. मात्र त्यासाठी दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो. मुदतीचा नियम येथे सरकार पक्षालाही सोडीत नाही.

आरोपी, कच्चा कैदी आणि सिद्धदोष हे तीन शब्द आपण सैलपणे वापरतो. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. खटला चालू असताना कोठडीत असलेला तो कच्चा कैदी. न्यायालयाने गुन्हा शाबीत धरला म्हणजेच तो सिद्धदोष होतो. गावाने ही पायरी ओलांडून आधीच निकाल देऊ नये आणि शाळेत त्याच्या मुलांना त्याचे चटके बसू देऊ नयेत.

आपल्यावर येणारी तीन कामे

शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यावर न्यायालयाच्या संबंधात तीन कामे वारंवार येतात.

पहिले काम साक्षीदाराचे. जन्मतारखेच्या वादात शाळेच्या प्रवेश नोंदवहीसह मुख्याध्यापकांना साक्षीसमन्स येते. ते आपल्याविरुद्ध नसते. मूळ नोंदवही न्यावी, नोंदीत आहे तेवढेच सांगावे आणि माहीत नसेल ते माहीत नाही असे म्हणावे. समन्स मिळूनही कारणावाचून गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते.

दुसरे काम पंचाचे. पंचनाम्यावरील पंच हा न्याय देणारा पंच नव्हे. समोर काय घडले, काय सापडले, हे पाहणारा तो साक्षीदार आहे. कोऱ्या किंवा आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर सही करणारा पंच पुढे उलटतपासात स्वतःही अडचणीत येतो आणि खटलाही दुबळा करतो. नव्या कायद्यात झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची तरतूद आहे, परंतु त्यामुळे पंचाने वाचून सही करण्याची जबाबदारी कमी होत नाही.

तिसरे काम जामीनदाराचे. शेजारधर्म म्हणून आपण सही करतो. पण जामीनदार आरोपीच्या हजेरीची हमी देत असतो. आरोपी तारखेस आला नाही, तर बंधपत्रातील रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. तेव्हा माणूस पाहून आणि रक्कम वाचूनच सही करावी.

मदत कोठे मिळते

वकील परवडत नाही म्हणून हक्क सोडण्याचे कारण नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ मध्ये समान न्याय व मोफत विधि साहाय्याचे तत्त्व आहे आणि १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाने त्यास व्यवहारात आणले. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेल्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. इतरांना ठरीव उत्पन्नमर्यादेत मिळते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधि सेवा समिती आणि जिल्ह्यात जिल्हा विधि सेवा प्राधिकरण असते. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी मदत क्रमांक आहे.

लोक अदालतीत तडजोडीने वाद मिटतो आणि भरलेली न्यायालय फी परत मिळते. मात्र तेथील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. म्हणून तडजोड करताना ती मनापासून आणि समजून करावी. गावकीच्या दडपणाखाली केलेली तडजोड भांडण मिटवीत नाही, ते फक्त पुढच्या पिढीकडे सोपविते.

मित्रहो, आपण वकील व्हावे असे मी सुचवीत नाही. कायद्याचा सल्ला देणे हे वकिलाचे काम आहे आणि ते त्यालाच करू द्यावे. आपले काम त्याआधीचे आहे. कोणी कागद घेऊन आला की चार गोष्टी पाहाव्यात. हा कागद कोणत्या न्यायालयाचा किंवा कार्यालयाचा आहे, या माणसाला त्यात काय म्हटले आहे, तो त्याच्या हाती कोणत्या दिवशी पडला आणि हजर होण्याची तारीख कोणती. या चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून द्याव्यात आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे किंवा विधि सेवा समितीकडे जाण्यास सांगावे. समितीचा पत्ता आणि मदत क्रमांक पंचायतीच्या फलकावर लावावा. याला खर्च नाही, ठराव लागत नाही आणि वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही.

न्यायालयात कोण खरे आणि कोण खोटे, हे न्यायाधीश ठरवितात. परंतु खरा माणूस त्यांच्यापुढे वेळेवर उभा राहिला, तरच ते ठरविता येते. त्याला तेथवर वेळेत पोहोचविणे आपल्या हाती आहे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.